ती दोघं खरंच शेजारी आहेत का

२०२३ च्या मे महिन्यात कोरेगाव तालुक्यात आमच्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. गोरज मुहूर्त, पंगती उठेपर्यंत नऊ वाजले आणि नेमकी लाईट गेली, म्हणून सगळे मंडपाबाहेर येऊन उभे राहिलो तर उत्तरेला उंचावर सप्तर्षी लख्ख. मी साताऱ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि आकाश बघायचा नाद मला कॉलेजपासून आहे, हे सासरच्या सगळ्यांना माहीत. नवरी म्हणाली, "मामी, गुरुजींनी अरुंधती बघा म्हणून सांगितलं आणि आम्ही नुसत्या माना हलवल्या, तुम्ही खरी दाखवा की." मग दाखवली, शेपटीतला मधला वसिष्ठ आणि त्याला लागून ती बारीक अरुंधती. दोघांनाही दिसली. मागं नवऱ्या मुलाची आजी खुर्चीत बसली होती, तिनं बराच वेळ डोळ्यावर हात धरून बघितलं आणि मला विचारलं, "आगं, ती दोघं खरंच शेजारी हायत, का आपल्याला हितनं तशी दिसत्यात?"

इतकी वर्षं पोरांना तारे दाखवतेय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला सांगितलं की आजी, चार भिंतीवर उभं राहून रात्री खाली बघितलं की सदरबझारातला एखादा दिवा आणि पार मागं जरंडेश्वराच्या डोंगरावरचा दिवा एकमेकाला चिकटून दिसतात, पण मधे केवढं तरी अंतर असतं, तसं आकाशातही होतं. मकर राशीत एक अशीच जोडी आहे, नुसत्या डोळ्यांनी दोन तारे जवळजवळ दिसतात, त्यातला एक साधारण शंभर प्रकाशवर्षांवर आणि दुसरा कित्येक शे प्रकाशवर्षं मागं. पण वसिष्ठ अरुंधतीचं तसं नाही, ती दोघं आपल्यापासून साधारण ऐंशी प्रकाशवर्षांवर आहेत आणि अवकाशात एकाच दिशेला चाललीत. आजी लगेच म्हणाली, "मग वळखायचं कसं, कोण खरं शेजारी आन कोण नुसतं दिसतंय?" मी म्हटलं, बरोबर चालतात का ते बघत राहायचं. तिला ते पटलं. मला मात्र घरी येईपर्यंत तेच डोक्यात, की मी हे पुस्तकातलं सांगितलं, स्वतः कधी बघितलंय का?

जूनमध्ये पाऊस लागला. साताऱ्याचा पाऊस ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, एकदा झड बसली की अजिंक्यतारा दोन-दोन दिवस दिसत नाही. माझी आठ इंची दुर्बिण जूनच्या पहिल्या आठवड्यातच चादरीत गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटावर जाते ती दसऱ्यापर्यंत. त्या वर्षी पहिल्यांदा मी ठरवलं की आकाश दिसत नसलं तरी आकाशाचे फोटो तर आहेत ना, कुणीतरी काढून ठेवलेले, सगळ्यांसाठी फुकट. मग बॅकयार्ड वर्ल्ड्स: प्लॅनेट नाईन या प्रकल्पात नाव नोंदवलं. २०१७ पासून चालू आहे, कुणीही घरबसल्या भाग घेऊ शकतं. वाइज नावाच्या नासाच्या अवकाश दुर्बिणीने वेगवेगळ्या वर्षी काढलेले आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो एकामागून एक पळवून दाखवतात आणि आपण त्यात सरकणारा ठिपका शोधायचा, बस एवढंच काम. मागचे सगळे तारे जागच्या जागी, आणि जवळचं काही असेल तर ते हळूच पाय उचलतं.

शोधायचे असतात मुख्यतः ब्राउन ड्वार्फ, पुस्तकी मराठीत तपकिरी बटू. तारा व्हायला निघालेला पण वजन कमी पडलं असा गोळा. गुरूच्या साधारण ७५ ते ८० पट वस्तुमान असेल तर पोटात हायड्रोजन पेटतो आणि तो तारा होतो, त्याच्या खाली पेटत नाही, १३ पटीच्या वर असेल तर थोडा ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळतो आणि मग तो जन्मभर फक्त निवत राहतो, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. असे गोळे असणार हे शिव कुमार या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गणिताने मांडलं होतं, ब्राउन ड्वार्फ हे नाव १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी दिलं, आणि प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो थेट १९९५ मध्ये. गंमत म्हणजे हे मी बीएस्सीला असताना आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. डोळ्यांना ते दिसतच नाहीत, उष्णतेच्या किरणांतच दिसतात. वाइजचा आरसा फक्त ४० सेंटिमीटरचा, म्हणजे माझ्या दुर्बिणीच्या दुप्पट, पण तिचे दोन फिल्टर फार हुशारीने निवडलेत. थंड ब्राउन ड्वार्फच्या वातावरणात मिथेन असतो, आपल्या गोबर गॅसमधला तोच, तो ३.४ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश गिळून टाकतो आणि ४.६ मायक्रॉनचा मात्र बाहेर येतो. म्हणजे एका फिल्टरमध्ये जवळपास गायब आणि दुसऱ्यात ठळक, असा ठिपका दिसला आणि तो सरकतही असला की कान टवकारायचे.

पहिला महिना नुसता डोळा तयार करण्यात गेला. मोठ्या ताऱ्यांभोवती खोटे ठिपके पडतात, आरशातली प्रतिबिंबं, किरणांच्या काड्या, आधीच्या फोटोतली सावली राहिलेली असते, आणि ते सगळं सरकल्यासारखं दिसतं. मी शेकडो खोटे बघितले. पण हळूहळू कळायला लागतं, खरा सरकणारा ठिपका दरवेळी एकाच दिशेला, एकाच चालीने जातो, खोटा उड्या मारतो.

जोड्यांकडे मी वळले ती एका बातमीमुळे. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या एमा सॉफ्टिच या विद्यार्थिनीने याच प्रकल्पात सापडलेल्या सुमारे तीन हजार ब्राउन ड्वार्फचे फोटो एकेक करून परत बघितले, दुसऱ्या जास्त स्पष्ट सर्वेक्षणात, की कुणाच्या शेजारी साथीदार दिसतोय का. आणि एक जोडी मिळाली, दोघेही ब्राउन ड्वार्फ, मधे अंतर १२९ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर), म्हणजे सूर्य ते प्लूटोच्या तिपटीहून जास्त. मग हवाईतल्या केक दुर्बिणीने वर्णपट घेऊन खात्री केली. ऐन तारुण्य संपलेल्या, मोकळ्या आकाशातल्या ब्राउन ड्वार्फमध्ये इतकी लांबलांब राहणारी जोडी तोवर माहीत नव्हती. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसले कारण हाच तर आजीचा प्रश्न होता! आणि कामाची पद्धत मला जमण्यासारखी होती, यादी घ्या, एकेक उघडा, बघा, लिहा.

इथं एक सांगायला पाहिजे की ब्राउन ड्वार्फमध्ये जोड्या कमीच असतात. सूर्यासारख्या ताऱ्यांत जवळपास निम्म्यांना साथीदार असतो, ब्राउन ड्वार्फमध्ये शंभरात दहा ते वीस, आणि ज्या असतात त्या बहुतेक एकमेकाला अगदी धरून, वीस खगोलीय एककांच्या आत, आणि दोघांचं वजन साधारण सारखं. वजन कमी म्हणून ओढ कमी, त्यामुळं लांब राहिलेल्या जोड्या जवळून गेलेल्या एखाद्या ताऱ्याच्या धक्क्यानेही तुटतात. म्हणजे मी जे शोधायला बसले ते दुर्मिळातलं दुर्मिळ. हे मला माहीत होतं, आणि तरी बसले, कारण जोडी मिळाली तरच वजन करता येतं. एकट्या ब्राउन ड्वार्फचं वजन ठरवणं फार अवघड, तो तरुण आणि हलका आहे का म्हातारा आणि जड हे उजेडावरून कळत नाही, दोघेही सारखेच दिसू शकतात.

जोडीचं हे वजन करणं वर्गात मी दहावीच्या पोरांकडून करून घेतलं, आणि तो माझ्या नोकरीतला सगळ्यात आवडता तास आहे. लुमन १६ नावाची जोडी २०१३ मध्ये केव्हिन लुमन यांना वाइजच्याच फोटोंत सापडली, आपल्यापासून फक्त साडेसहा प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या सगळ्यात जवळच्या शेजाऱ्यांत तिसरा नंबर, आणि इतकी वर्षं कुणाला दिसलीच नव्हती. दोघांमधलं अंतर साधारण साडेतीन खगोलीय एकक, एकमेकाभोवती एक फेरी साधारण २७ वर्षांत. केप्लरचा नियम फळ्यावर लिहिला, अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग म्हणजे दोघांचं मिळून वजन, सूर्याच्या पटीत. ३.५ चा घन ४२.८७५, २७ चा वर्ग ७२९, भागाकार सुमारे ०.०५९, म्हणजे दोघं मिळून सूर्याच्या सहा टक्क्यांहूनही कमी. सूर्य गुरूच्या १०४७ पट, म्हणजे दोघं मिळून गुरूच्या ६१-६२ पट. शास्त्रज्ञांचं मोजमापही तेवढंच आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा, म्हणाला, "म्हणजे मॅडम आपण आत्ता इथं बसून तारा तोलला?" मी म्हटलं हो. तोलला.

पद्धत अशी ठेवली. वीस पार्सेकच्या म्हणजे ६५ प्रकाशवर्षांच्या आतले थंड ब्राउन ड्वार्फ, यांची ५२५ जणांची यादी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे, तिथून सुरुवात. एक लांब वही आणि एक एक्सेल, कारण लाईट गेली की वहीच कामाला येते. प्रत्येकाचं ठिकाण टाकायचं, चिलीतल्या चार मीटरच्या दुर्बिणीने काढलेल्या लेगसी सर्वेक्षणाचा फोटो उघडायचा, शेजारी कुणी तसाच लालसर आहे का बघायचं, असला तर अंतर मोजायचं. हिशोब सोपा, फोटोतलं अंतर आर्कसेकंदात (एका अंशाचा ३,६०० वा भाग) गुणिले पार्सेक बरोबर खगोलीय एकक, वीस पार्सेकवर दहा आर्कसेकंद म्हणजे २०० एकक. वाइजचे फोटो इथं पुरत नाहीत, सहा आर्कसेकंदांच्या आतलं सगळं त्यात एकच लोळा दिसतं. मग जुने फोटो काढायचे आणि दोघं बरोबर सरकलेत का ते ताडायचं. याला प्रॉपर मोशन म्हणतात, आपल्याकडं निजगती.

पोरींना हे समजावताना मला वारी आठवली. माउलींची पालखी लोणंदहून फलटणकडं जाते तेव्हा आम्ही दरवर्षी तरडगावला दर्शनाला जातो. त्या लाखोंच्या गर्दीत एका क्षणी कुणीही कुणाच्या शेजारी असतं, फोटो काढला तर सगळेच एकत्र वाटतील. पण चांदोबाच्या लिंबापासून तरडगावापर्यंत चालूनही जे दोघं अजून एकमेकाच्या बरोबरीनेच आहेत, एकच चाल, एकच दिशा, ते एका दिंडीतले. बाकीचे मागं पडलेले असतात नाहीतर पुढं गेलेले. एका फोटोवरून काही कळत नाही, दुसरा फोटो पाहिजे आणि दोन्हीच्या मधे वर्षं गेलेली पाहिजेत.

आधी उत्तर माहीत असलेलं गणित सोडवून बघितलं. रॉस १९ नावाचा एक मंद लाल तारा आहे, ५७ प्रकाशवर्षांवर, त्याचा साथीदार बॅकयार्ड वर्ल्ड्सच्याच लोकांनी शोधलेला, २०२१ मध्ये जाहीर झाला. ताऱ्यापासून ९,९०० खगोलीय एकक लांब! फोटोत म्हणजे जवळपास साडेनऊ कलांवर (एक कला म्हणजे ६० आर्कसेकंद), कुणाला वाटेल याचा त्याचा संबंध काय. मी उत्तर न बघता शोधायला बसले, पहिल्या रात्री मिळालाच नाही. दुसऱ्या रात्री आई (सासूबाई) बाहेर मालिका बघत होत्या, पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि मला तो दिसला, फिकट नारिंगी, इतका मंद की नजर बाजूला नेली तर हरवेल, पण चालीला पक्का, ताऱ्याच्याच दिशेला आणि ताऱ्याच्याच वेगाने. मी आईंना हाक मारली. त्या आल्या, चष्मा लावून बघितलं, म्हणाल्या "हालतंय खरं." मला त्या दोन शब्दांनी फार बरं वाटलं.

आता चुकांबद्दल सांगते, कारण बरंचसं तेच घडलं. २०२४ च्या जुलैमध्ये यादीतल्या एका ब्राउन ड्वार्फच्या शेजारी चार आर्कसेकंदांवर एक लालसर ठिपका दिसला, उजेडही त्याच्या आसपासच. हिशोब केला तर सत्तर-ऐंशी एकक. मी रात्री दीडला ह्यांना उठवून दाखवलं, सकाळी शाळेत पण सांगितलं, डोक्यात नुसतं ते. आमच्या दहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत लॅबमध्ये माझ्या लॅपटॉपवर बसायची, तिची नजर माझ्यापेक्षा तयार झालेली आहे हे मी मोकळेपणाने सांगते. तिला म्हटलं हवाईच्या पॅन-स्टार्स सर्वेक्षणातला जुना फोटो काढ. तिनं दोन्ही आलटून पालटून लावले, चार-पाच वेळा, आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हा चालतोय, पण तो जागचा हलत नाहीये." ब्राउन ड्वार्फ वर्षाला साधारण ०.३५ आर्कसेकंद सरकतो, आठ वर्षांत जवळजवळ तीन. जुन्या फोटोत दोघांमधलं अंतर सातच्या आसपास होतं, नव्यात चार. म्हणजे आमचा वारकरी चालत चालत रस्त्याकडेच्या झाडाजवळ आला होता, एवढंच. मागची एखादी आकाशगंगा असेल नाहीतर फार लांबचा लाल तारा. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी वहीत नीट लिहिलं, सोबती नाही, कारण काय, कुठले दोन फोटो. तेव्हापासून नियम, दुसरा फोटो बघितल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही.

त्याच ऑगस्टमध्ये वाइज बंद केली. २००९ च्या डिसेंबरमध्ये सोडलेली, मधे थंड ठेवणारा हायड्रोजन संपला, झोपवली, २०१३ ला परत उठवली आणि दर सहा महिन्यांनी अख्खं आकाश काढत राहिली. नोव्हेंबरमध्ये ती वातावरणात येऊन जळाली. मी रोज रात्री जिच्या डोळ्यांनी बघत होते ती गेली म्हणून मला खरंच वाईट वाटलं, वर्गात सांगताना आवाज बदलला माझा.

आणि मधे ऑक्टोबरमध्ये ती ग्लिझ २२९ बी ची बातमी. १९९५ ला सापडलेला पहिल्या पहिल्या ब्राउन ड्वार्फपैकी हा, १९ प्रकाशवर्षांवर, सगळ्यांचा पाठ झालेला. वजन भरत होतं गुरूच्या सत्तरेक पट, पण एवढ्या वजनाला उजेड फारच कमी, हे कोडं कित्येक वर्षं पडलेलं. मोठ्या दुर्बिणींनी नीट बघितलं तर तो एक नाहीच, दोन आहेत! एक गुरूच्या ३८ पट, दुसरा ३४ पट, आणि एकमेकाभोवती १२ दिवसांत फेरी मारतात. जवळजवळ तीस वर्षं लोक एकच समजत होते. ही माझ्या पद्धतीने कधीच सापडली नसती, इतक्या चिकटलेल्या जोड्यांना फोटो वेगळं करूच शकत नाही. पण त्यावरून मी वहीत एक नवीन रकाना वाढवला, उजेडाचा. दोन सारखे दिवे एकात मिसळून दिसले तर उजेड दुप्पट होतो, तेजाच्या मापात पाऊण प्रतीचा (मॅग्निट्यूडचा) फरक पडतो. म्हणजे त्याच वर्गाच्या, त्याच अंतरावरच्या भावंडांपेक्षा कुणी पाऊण प्रतीने जास्त उजळ असेल तर तिथं खूण करायची. पुरावा नाही म्हणता येत, नुसता संशय, पण ज्यांच्याकडं मोठी दुर्बिण आहे त्यांना कुठं बघायचं ते तरी कळेल. माझ्या वहीत अशा नऊ खुणा झाल्यात, त्यातल्या पाच जणांवर आधीच कुणाचं तरी काम झालेलं निघालं.

एकदा खरीही मिळाली, २०२५ च्या फेब्रुवारीत. तारा आणि त्याच्यापासून तीनेक कलांवर सरकणारा नारिंगी ठिपका. गाया या युरोपच्या अवकाश दुर्बिणीच्या यादीतून ताऱ्याची निजगती काढली, ठिपक्याची वाइजच्या फोटोंवरून आम्ही दोघींनी वेगवेगळी मोजली, एकमेकीला न सांगता, आणि मोजमापात जेवढी चूक होऊ शकते तेवढ्या मर्यादेत तिन्ही आकडे जुळले. रंगावरून अंदाजे अंतर काढलं तेही ताऱ्याशी जुळलं. मग ज्ञात वस्तूंच्या यादीत शोधलं तर ती जोडी आधीच नोंदलेली. मुलगी क्षणभर गप्प झाली, मी नाही झाले. तिला म्हटलं, अगं, कुणी न सांगता आपण दोघींनी साताऱ्यात बसून शोधली, मोजली, आणि उत्तर बरोबर आलं. तिनं ते पान वहीत झेंडूच्या पाकळ्या ठेवून जपलंय, बोर्डाची परीक्षा पंधरा दिवसांवर असताना.

नागपंचमीला कोरेगावला गेले होते तेव्हा आजी भेटली. तिला अजून आठवत होतं. मी सांगितलं की आजी, वसिष्ठ नुसता एक नाही, दुर्बिणीतून दोन दिसतो आणि ते दोन्ही परत दोन-दोन आहेत, आणि अरुंधतीलाही तिचा एक सोबती आहे, २००९ मध्ये दिसला लोकांना. आजीनं बोटावर मोजलं, चार आन दोन, सहा. म्हणाली, "भरलं घर हाय की मग."

आज वही ३१२ व्या ओळीवर आहे. बाहेर झड आहे, दोन दिवस झाले. पण मागच्या ३०७ नंबरला अडकलीये मी, दक्षिणेकडचा आहे, शेजारी तीन आर्कसेकंदांवर लालसर काहीतरी आहे, रंग जुळतो, उजेड जुळतो, पण दुसरा स्वच्छ फोटोच नाही, पॅन-स्टार्सला तेवढं खालचं आकाश दिसत नाही. चिलीत रुबिन वेधशाळा सुरू झालीये, ८.४ मीटरचा आरसा, २०२५ च्या जूनमध्ये पहिले फोटो दाखवले, ती दहा वर्षं दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा काढत राहणार आहे, त्यात हा तुकडा येईलच. मुलगी आता अकरावीला सायन्सला गेली, तरी शनिवारी येते. ३०७ च्या पुढं मी लाल पेनने 'दुसरा फोटो' एवढंच लिहिलंय आणि तिनं खाली पेन्सिलने आजची तारीख टाकलीये.